द्वितारी जोडणी, ध्वनिक्षेपकांची

द्वितारी जोडणी, ध्वनिक्षेपकांची : (बायवायरिंग). घरगुती स्टिरिओ संचातील विवर्धकाच्या (विद्युत् संकेताची शक्ती वाढविणाऱ्या साधनाच्या) एकाच प्रदान अग्रजोडीपासून ध्वनिक्षेपक पेटीतील नीच व उच्च कंप्रतांच्या (एका सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) विभागांपर्यंत दोन स्वतंत्र केबली नेण्याची पद्धत. नेहमीच्या जोडणीत प्रत्येक पेटीस दोन तारांची एकच केबल पुरते. द्वितारी जोडणीत प्रत्येक पेटीस अशा दोन केबली लागतात. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत हौशी श्रोत्यांमध्ये लोकप्रिय झाली आणि अनेक उत्पादकांनी पेट्यांच्या मागील बाजूस दोनऐवजी चार अग्रे बसविण्यास सुरुवात केली. या जोडणीने ध्वनी अधिक स्वच्छ होतो असा दावा केला जातो. तो कितपत खरा आहे व त्यासाठी दुप्पट तार आणि श्रम खर्चणे योग्य आहे काय, याविषयी मतभेद आहेत.

पार्श्वभूमी : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेल्या ध्वनिक्षेपकात चुंबकीय क्षेत्रातील हलते वेटोळे शंकूच्या आकाराच्या पडद्यास कंपित करते. आजचे बहुसंख्य ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झ ही संपूर्ण श्राव्य मर्यादा एकाच पडद्याने समाधानकारक रीत्या निर्माण करणे कठीण असते. नीच कंप्रतांसाठी पुष्कळ हवा हलविणारा मोठा पडदा लागतो, तर उच्च कंप्रतांसाठी हलका व लहान पडदा लागतो. म्हणून एका पेटीत दोन किंवा अधिक क्षेपक बसवितात आणि विभाजक मंडलाच्या साहाय्याने संकेत त्यांच्यात वाटून देतात. या मंडलात प्रवर्तक वेटोळी व धारित्रे असतात. वेटोळे उच्च कंप्रतांना आणि धारित्र नीच कंप्रतांना अडविते. दोन क्षेपकांच्या पेटीत ही विभागणी बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपास होते.

जोडणीची रीत : चार अग्रांच्या पेटीत विभाजक मंडलाचे दोन भाग एकमेकांपासून विद्युत् दृष्ट्या अलग ठेवलेले असतात व बाहेरून धातूच्या दोन पट्ट्यांनी जोडलेले असतात. पट्ट्या जागेवर असताना एकच केबल दोन्ही भागांना पुरते. द्वितारी जोडणीसाठी पट्ट्या काढून प्रत्येक भागास वेगळी केबल लावतात आणि दोन्ही केबलींची दुसरी टोके विवर्धकाच्या त्याच अग्रांवर एकत्र करतात. ज्या पेटीस दोनच अग्रे आहेत तिला ही जोडणी करता येत नाही.

तत्त्व : दोन्ही केबलींच्या आरंभी विद्युत् दाब एकच असतो, परंतु त्यांतून वाहणारे प्रवाह भिन्न असतात. नीच कंप्रतांच्या भागाचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) उच्च कंप्रतांना खूप मोठा असतो. त्यामुळे त्याच्या केबलीतून मुख्यतः नीच कंप्रतांचेच प्रवाह वाहतात. दुसऱ्या केबलीत याच्या उलट घडते. द्वितारी जोडणीच्या समर्थकांचे हे विधान बरोबर आहे व ते मापनाने दाखविता येते. तथापि प्रवाह वेगळे झाले म्हणजे ध्वनी सुधारला असे सिद्ध होत नाही. तांब्याची तार रैखिक वाहक आहे, म्हणजे तिच्यातील दाबाची घट प्रवाहाच्या सम प्रमाणात असते. अध्यारोपण तत्त्वानुसार अशा तारेतून अनेक कंप्रता एकाच वेळी वाहिल्या, तरी त्या एकमेकींत मिसळून नव्या कंप्रता निर्माण करीत नाहीत. जाड सुरांचे प्रवाह बारीक सुरांना तारेत ‘गढूळ’ करतात, ही कल्पना म्हणून टिकत नाही.

एक परिणाम मात्र वास्तव आहे. मोठ्या क्षेपकाचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलताना स्वतःही विद्युत् दाब निर्माण करते व त्याच्या प्रवाहात विकृतीचा काही अंश असतो. एकच केबल असेल, तर या प्रवाहाने केबलीच्या रोधावर पडणारा दाब लहान क्षेपकाच्या भागापर्यंतही पोहोचतो. केबली वेगळ्या केल्यास त्याला विवर्धकाच्या अत्यल्प प्रदान संरोधावरच प्रकट व्हावे लागते व तो जवळजवळ नाहीसा होतो. प्रश्न आहे तो या परिणामाच्या परिमाणाचा.

परिमाण : १ चौ. मिमी. छेदाच्या व १ मी. लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०·०१७ ओहम असतो. २·५ चौ. मिमी. छेदाची ५ मी. लांब केबल घेतल्यास जाण्यायेण्याची लांबी १० मी. होते व एकूण रोध सुमारे ०·०७ ओहम भरतो. ८ ओहम संरोधाच्या पेटीच्या तुलनेत हा शंभरावा भागही नाही. मोठ्या क्षेपकाच्या प्रवाहात १ टक्का विकृती धरली, तरी सामाईक केबलीमुळे लहान क्षेपकाच्या भागाकडे जाणारा तिचा अंश मूळ संकेताहून सुमारे ८० डेसिबेलांनी कमी असतो. क्षेपकांची स्वतःची विकृती याच्या कितीतरी पट असल्याने एवढा अंश ऐकू येण्याची शक्यता फार कमी आहे.

पेटीचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. तो ४ ते २० ओहम यांदरम्यान बदलत असेल, तर वरील केबलीमुळे निरनिराळ्या कंप्रतांच्या पातळीत जास्तीत जास्त सुमारे ०·१२ डेसिबेलचा फरक पडतो. नेहमीच्या ऐकण्यात सुमारे १ डेसिबेलचा फरक जेमतेम जाणवतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. उच्च कंप्रतांच्या बाबतीत केबलीची प्रवर्तकताही विचारात घ्यावी लागते. ५ मी. केबलीची प्रवर्तकता ३ मायक्रोहेन्री धरल्यास २०,००० हर्ट्‌झला तिचा विरोध सुमारे ०·३८ ओहम होतो. परंतु तो ८ ओहम रोधाशी काटकोनात मिळविला जात असल्याने पातळीतील एकूण घट ०·१ डेसिबेलपेक्षा कमीच राहते.

केबलीच्या रोधामुळे मोठ्या क्षेपकाच्या पडद्यावरील नियंत्रण सुटते, असेही म्हटले जाते. परंतु ८ ओहम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेपकाच्या वेटोळ्याचाच रोध सुमारे ६ ओहम असतो. त्याच्या जोडीला ०·०७ ओहमची भर पडल्याने पडद्याच्या अवमंदनात (कंपने शमण्याच्या क्रियेत) लक्षणीय बदल होत नाही.

पर्यायांशी तुलना : द्वितारी जोडणीसाठी आणलेल्या दोन केबली पट्ट्या न काढता समांतर जोडल्या, तर छेद दुप्पट होऊन रोध निम्मा, म्हणजे सुमारे ०·०३५ ओहम होतो आणि त्याचा लाभ दोन्ही विभागांना मिळतो. द्वितारी जोडणीत प्रत्येक विभागाच्या वाट्यास एकच केबल येते. म्हणजे तेवढ्याच तांब्यात पातळीतील चूक कमी करण्याच्या दृष्टीने साधी समांतर जोडणीच सरस ठरते. केबल फार बारीक व लांब असेल, तर दोष खरोखर ऐकू येतो. ०·५ चौ. मिमी. छेदाच्या १५ मी. केबलीचा रोध सुमारे १ ओहम होतो व वर सांगितलेला पातळीतील फरक सुमारे १·५ डेसिबेलपर्यंत जातो. यावर उपाय जाड तारेचा होय. त्याच बारीक तारेच्या दोन केबली वेगळ्या लावल्याने तो दोष पुष्कळसा तसाच राहतो.

द्वितारी जोडणीहून द्विविवर्धक पद्धत भिन्न आहे. तीत प्रत्येक विभागास स्वतंत्र विवर्धक असतो. विभाजन विवर्धकांच्या आधीच इलेक्ट्रॉनीय छानकांनी केले, तर क्षेपक व विवर्धक यांमध्ये वेटोळी व धारित्रे राहत नाहीत आणि छानकांची रचना अधिक काटेकोरपणे करता येते. झीगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांच्या १९७६ मधील कार्यापासून अशा छानकांचा एक प्रकार त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. येथे मिळणारा लाभ मापनीय व पुष्कळदा श्राव्य असतो.

श्रवण कसोटी : द्वितारी जोडणीनंतर ध्वनी बदलल्याचा अनुभव अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात. परंतु जोडणी बदलण्यास काही मिनिटे लागतात आणि ध्वनीच्या सूक्ष्म छटांची स्मृती फार काळ टिकत नाही. शिवाय बदल केला आहे हे ठाऊक असल्याने अपेक्षेचा परिणाम होतो. अग्रे सोडवून पुन्हा घट्ट करताना त्यांवरील गंज निघून जाणे हेही एक कारण असू शकते. समुद्रकाठच्या दमट व खाऱ्या हवेत ते विशेष संभवते. त्यामुळे दोन्ही जोडण्यांची पातळी सुमारे ०·१ डेसिबेलपर्यंत जुळवून, कोणती जोडणी चालू आहे हे श्रोता व चाचणी घेणारा या दोघांनाही न कळू देता तुलना करणे आवश्यक असते. तत्काळ अदलाबदल करणारे अशा प्रकारचे साधन डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये वर्णिले. १६ वेळांपैकी १२ किंवा अधिक वेळा केवळ अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची संभाव्यता सुमारे ४ टक्के असते. म्हणून तेवढे यश मिळाल्यास फरक ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळतो.

व्यावहारिक सूचना : द्वितारी जोडणीपासून अपाय नाही, तार हाताशी असल्यास ती करून पाहण्यास हरकत नसते. मात्र धन व ऋण अग्रांची अदलाबदल होऊ देऊ नये. एका विभागाची अग्रे उलटी लागल्यास विभाजन कंप्रतेच्या आसपासचा ध्वनी बिघडतो. एकच केबल पुन्हा लावताना पट्ट्या बसविण्यास विसरल्यास एक विभाग मुका राहतो. द्विविवर्धक पद्धतीत पट्ट्या न काढल्यास दोन विवर्धकांची प्रदान अग्रे एकमेकांस जोडली जाऊन विवर्धक निकामी होऊ शकतात. खर्च वाढवावयाचा असल्यास तो प्रथम ध्वनिक्षेपकांवर करणे आणि त्यांच्या व श्रोत्याच्या जागा काळजीपूर्वक निवडणे अधिक फलदायी असते. ५ मी. लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्‌झ व तिच्या पटीतील कंप्रतांना स्थिर तरंग निर्माण होतात आणि जागा बदलताच नीच सुरांच्या पातळीत अनेक डेसिबेलांचा फरक पडतो. पेटी भिंतीपासून थोडी पुढे ओढल्याने होणारा बदल द्वितारी जोडणीने होणाऱ्या बदलाच्या अनेक पटींनी मोठा असतो व त्यास काही खर्चही येत नाही.