पाला, पुळी आणि प्रयोगशाळा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात औषधी झाडांची वानवा नाही. करंज आहे, कडुनिंब आहे, हिरडा-बेहडा आहे, मोहाच्या बियांचं तेल आहे. मग गळवावरचं मलम करायला इतका वेळ का लागतो?

कारण आधी आत कोण बसलंय ते बघावं लागतं. खरूज होते सूक्ष्म किड्यामुळे, गजकर्ण बुरशीमुळे. जिवाणूंचा कारभार गळू, केस्तूड आणि पोरांच्या नाका-तोंडाभोवती पिवळ्या खपल्या धरणाऱ्या पुळ्यांत. करंजाचं तेल खरजेला लागू पडलं म्हणून गळवालाही पडेल, याची हमी नाही.

वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं आनंदवन आहे, तेव्हा कुष्ठरोगाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा जिवाणू नॉर्वेच्या हॅन्सेनला १८७३ मध्ये दिसला. त्यावर बरीच वर्षं मुख्य औषध होतं बियांचं तेल : चौलमुग्रा. आपलं कडूकवठ त्याचंच भाऊबंद. हे तेल पोटात घेतलं की मळमळ, टोचलं की कातडीखाली गाठी! १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या तेवीस वर्षांच्या तरुणीने त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते अंगात मुरेल असं केलं. १९१६ मध्ये ती वारली आणि पद्धतीला नाव चिकटलं तिच्या कॉलेजच्या प्रमुखाचं. (असं होतंच.) १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, तेल मागे पडलं, बाबा आमट्यांनी आनंदवनाचा घाट घातला तो याच सुमारास.

आता प्रयोगशाळेतली गंमत. थाळीतल्या आगरवर जिवाणू पसरायचे, भोक पाडून त्यात अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. पण तेल पाणीदार आगरमध्ये नीट पसरतच नाही, म्हणजे चांगलं तेलही उगाच नापास व्हायचं! उलट थाळीत पहिला नंबर काढणारा अर्क कातडीची आग करू शकतो. बिबा उतलेल्याला विचारा.

शिवाय एकाच पाल्याचा पाण्यातला अर्क वेगळा, अल्कोहोलमधला वेगळा. मलमाची प्रत्येक ट्यूब मात्र सारखीच हवी. झाड ऋतूप्रमाणे बदलतं, ते असलं काही कबूल करत नाही.

आणि मालकी कुणाची? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने पुरावे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क लिहूनच टाकला. सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत गडचिरोलीचं मेंढा (लेखा) आहे. तिथला पाला ट्यूबमध्ये भरायचा असेल, तर पहिली बैठक ग्रामसभेत.