चकाकीपेक्षा धुळीचा विचार

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने असल्यामुळे मोटारीच्या आसनांवर बसणाऱ्या धुळीत चुनखडीचा व सिमेंटचा अंश संभवतो, आणि सिमेंट ओले होताच तीव्र अल्कधर्मी बनत असल्याने, घरोघर जाऊन मोटारी साफ करणाऱ्याने ओला फडका फिरवण्यापूर्वी ती धूळ मऊ ब्रश व व्हॅक्यूमने कोरडीच काढून घेणे इष्ट. त्यानंतर सुमारे ७ पीएचचा सौम्य क्लीनर, बटणांवर थेट न फवारता, मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यावा. चुनखडीच्या मुलखातील बोअरचे पाणी बहुधा जड असते, तेव्हा काचेसाठी शुद्ध केलेले पाणी निराळे बाळगावे.

डॅशबोर्डला लकाकी आणणारे सिलिकॉन तेलाचे पॉलिश गिऱ्हाइकास भुरळ घालते खरे, परंतु त्या स्निग्ध थरावर नवी धूळ चटकन चिकटते व समोरच्या काचेत प्रतिबिंब पडून चालकाची नजर विचलित होते. सबब ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरी उन्हाळ्यात अतिनील किरणांना रोखणारे, पाण्यावर आधारलेले, मॅट द्रव्यच पत्करावे. स्टीअरिंग व पेडल यांना मात्र, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह धरला तरी, असे कोणतेही द्रव्य लावू नये, कारण त्याने हातपाय घसरतात.