विश्लेषण: ठिणगीविना चालणाऱ्या नायट्रो इंजिनचे ‘टायमिंग’ ठरवते कोण?

रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या मोटारींमध्ये बॅटरीच्या गाड्यांची चलती असली, तरी खऱ्या इंधनावर धावणाऱ्या ‘नायट्रो’ गाड्यांचे वेड कमी झालेले नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत अशा गाड्यांच्या शर्यती होतात. पैसे साठवून इंजिन आणणारे हौशी तरुणही शहरोशहरी आहेत. पण अनेकांचा अनुभव सारखाच असतो: काल सुसाट पळालेले इंजिन आज गरम होऊन बंद पडते आणि काही दिवसांत त्याचा दमच जातो. दोष इंजिनला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा बदललेली असते ती हवा.

समजा, डहाणूच्या किनाऱ्याजवळ नीट जुळवलेली गाडी कोणी जव्हारच्या बाजूला नेली. जव्हारजवळचे शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. हे स्मारकाचे ठिकाण असल्याने गाडी पळवायची ती आसपासच्या मोकळ्या माळरानावर. हा सारा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. एवढ्या चढाने नखाएवढ्या इंजिनला काय फरक पडतो, हे समजले की नायट्रो इंजिनची झीज, ताकद आणि टायमिंग या तिन्ही गोष्टी एकत्र उलगडतात.

हे इंजिन असते कसे?

एक-अष्टमांश आकाराच्या गाडीत साधारण ३.५ सीसीचे, तर एक-दशांश आकाराच्या गाडीत सुमारे २ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. टू-स्ट्रोक म्हटले की मराठी घरांना आठवते ती पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी बजाजची चेतक. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरचे इंजिन सुमारे १४५ सीसीचे होते आणि पेट्रोल भरताना त्यात ऑइल मिसळावे लागे. नायट्रो इंजिनचे तत्त्वही तेच. वंगणासाठी वेगळी टाकी नाही, इंधनातूनच तेल आत जाते.

फरक आहे वेगाचा. चेतकचे इंजिन पूर्ण ताकदीला मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेई. नायट्रो इंजिन ३० हजारांच्या पुढे सहज जाते. मिनिटाला ३६ हजार फेरे म्हणजे सेकंदाला ६००. एका फेऱ्याला मिळतात सेकंदाचे जेमतेम १.७ हजारांश. तेवढ्यात जुना धूर बाहेर काढायचा, नवे मिश्रण आत घ्यायचे, ते दाबायचे आणि पेटवायचे असते.

मग ठिणगी कोण टाकते?

कोणीच नाही. जुन्या स्कूटरचा मेकॅनिक कॉन्टॅक्ट पॉइंटची फट मोजून ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे ठरवत असे. नायट्रो इंजिनमध्ये ना पॉइंट, ना कॉइल. डोक्यावर ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे. सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासच्या सेलने ती तार लाल करावी लागते. इंजिन चालू झाले की सेल काढून घेतात, तरी तार तापलेलीच राहते. ज्वलनाची उष्णता तिला मिळत असतेच. शिवाय इंधनातल्या मिथेनॉलची प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन तिथे आणखी उष्णता तयार होते. पिस्टन वर येऊन मिश्रण पुरेसे दाबले गेले की ते पेट घेते.

म्हणजे पेट घेण्याची वेळ कोणत्याही स्क्रूवर थेट ठरत नाही. ती चार गोष्टी मिळून ठरवतात. पहिली, प्लग ‘गरम’ जातीचा आहे की ‘थंड’. दुसरी, मिश्रण किती दाबले जाते; डोक्याखाली ०.१ मिलिमीटरची एक चकती, म्हणजे शिम, वाढवली तरी दाब कमी होऊन पेट उशिरा होतो. तिसरी, इंधनात नायट्रोमिथेन किती आहे. आणि चौथी, मिश्रणात इंधन व हवेचे प्रमाण काय आहे. पहिल्या तीन गोष्टी गाडी घरातून निघतानाच ठरलेल्या असतात. चौथी मात्र हवेसोबत दर तासाला बदलू शकते.

नायट्रोमिथेनचे काम काय?

गाड्यांच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते. नायट्रोचे प्रमाण बहुधा १६ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो, तर नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. पण नायट्रो वाढवला की पेटही लवकर होतो. म्हणून जास्त नायट्रोचे इंधन वापरताना जाणकार एखादी शिम वाढवतात.

तेलात कृत्रिम तेल आणि एरंडेल यांचे मिश्रण असते. एरंडेल फार तापल्यावरही धातूवर थर धरून राहते, म्हणून त्याला आजही मान आहे. जास्त झाले तर मात्र ते चिकट तपकिरी थर सोडते.

पोर्टचे टायमिंग वेगळे

‘टायमिंग’ शब्दाचा दुसरा अर्थ पोर्टशी संबंधित आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या स्लीव्हला खिडक्या असतात आणि पिस्टन खाली-वर होताना त्या उघडतो-झाकतो. मिश्रण आत येते ते पोकळ क्रँकशाफ्टला पाडलेल्या खाचेतून. धुराची खिडकी ३६० अंशांच्या फेऱ्यात साधारण १७० अंश उघडी राहते. ३६ हजार फेऱ्यांना हा वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी भरतो. तेवढ्यात दाबाची लाट पाइपमध्ये जाऊन परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. म्हणूनच पाइप बदलला की इंजिनचा स्वभाव बदलतो. मात्र हे टायमिंग कारखान्यात कापले गेलेले असते, हवेने ते बदलत नाही.

उंचीवर काय होते?

साडेचारशे मीटर वर गेल्यावर हवेची घनता साधारण चार टक्क्यांनी कमी होते. इंधनाची सुई मात्र तिथेच असते. त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेले मिश्रण वर थोडे ‘रिच’, म्हणजे इंधन जास्त असलेले, होते. गाडी किंचित सुस्त वाटते, धूर वाढतो, पण इंजिनला धोका नसतो.

तापमानाचा परिणाम याहून मोठा असू शकतो. हिवाळ्यात सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश असेल, तर दुपारची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. म्हणजे एकाच माळावर, सकाळ ते दुपार, घाट चढण्यापेक्षा मोठा बदल होतो. पावसाळ्यात भर पडते ती वाफेची. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत सुमारे चार टक्के जागा पाण्याची वाफ घेते आणि तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो.

खरा धोका उलट दिशेला आहे. दुपारच्या विरळ हवेत, उंचीवर, गाडी सुस्त वाटते म्हणून सुई आवळली; गाडी पळू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंड हवेत किंवा खाली किनाऱ्यावर तीच गाडी तशीच सुरू केली. आता हवा दाट झाली, इंधन कमी पडले, मिश्रण ‘लीन’ झाले. पहिले काही मिनिट गाडी कधी नव्हे इतकी जोरात पळते आणि मालक खूश होतो. आत मात्र दुष्टचक्र सुरू झालेले असते. कमी इंधनाने तापमान वाढते, तापमान वाढले की पेट लवकर होतो आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर दणका बसतो. त्याने तापमान आणखी वाढते. भरीस भर म्हणजे, इंधन कमी म्हणजे तेलही कमी.

झीज कुठे दिसते?

अनेक नायट्रो इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह यांच्या मापावरच सगळा दाब टिकतो. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड इंजिनचे फ्लायव्हील हाताने फिरवले तर वर येताना पिस्टन अडकल्यासारखा होतो. यालाच ‘पिंच’ म्हणतात. इंजिन तापले की स्लीव्ह वरच्या बाजूला फुगते आणि माप बरोबर जुळते.

यातून एक न सुचणारी गोष्ट निघते: इंजिन फार थंड ठेवणेही वाईट. नव्या इंजिनला जपायचे म्हणून खूप रिच मिश्रणावर थंडच चालवले, तर स्लीव्ह फुगत नाही आणि पिस्टन दर फेऱ्याला त्या अरुंद भागात घासत राहतो. म्हणून नवे इंजिन सुरू करण्याआधी त्याचे डोके हेअर ड्रायरने गरम करतात, मिश्रण रिच ठेवूनही तापमान १०० अंशांच्या जवळ राखतात आणि बंद केल्यावर पिस्टन खालच्या टोकाला आणून मगच थंड होऊ देतात.

पिंच गेल्याची खूण सोपी आहे. थंड असताना इंजिन बरे चालते, गरम झाल्यावर मंद वेगाला बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. लवकर पेट होत असल्याची खूण प्लगवर दिसते: तार वाकडी, तुटलेली किंवा पांढुरकी, आणि डोक्याच्या आत बारीक खड्डे.

दुसरा शत्रू माळावरची धूळ. तेल न लावलेल्या किंवा फाटक्या फोम फिल्टरमधून गेलेली धूळ स्लीव्हवर पॉलिश पेपरसारखे काम करते. तिसरा शत्रू ओल. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि नायट्रो जळल्यावर आम्लधर्मी अवशेष राहतात. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात असे इंजिन तसेच ठेवले तर बेअरिंग गंजतात. म्हणून दिवस संपताना टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जाळून, आत थोडे संरक्षक तेल सोडणे आवश्यक आहे.

मग करायचे काय?

दिवसाची सुरुवात सुई थोडी सैल करून, म्हणजे रिच बाजूने करावी. नंतर घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढीच सुई फिरवून, एक-दोन फेऱ्या मारून पाहावे. पूर्ण वेगात निळसर धुराची रेघ दिसायलाच हवी. प्लगपाशी मोजलेले तापमान बहुतेक इंजिनांत १०० ते १२५ अंश सेल्सिअसच्या आत असावे. पण फक्त तापमानावर विसंबू नये. थंड वाऱ्यात लीन इंजिनही काही काळ थंड दिसते. धूर, आवाज आणि प्लगची तार यांची साक्ष एकत्र घ्यावी.

इंधन हाताळताना मात्र चूक चालत नाही. मिथेनॉल जीवघेणे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभरावर बळी घेतले होते. त्याची ज्योतही दिवसा जवळपास दिसत नाही. हे इंधन पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये, डब्यावर ठळक नाव लिहावे आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

नायट्रो इंजिनचे टायमिंग अखेर मालकाच्या हातातल्या त्या एका सुईवर येऊन ठरते. वेग वाढवणारी आणि इंजिन मारणारी सुई एकच आहे. हवा बदलली की ती पुन्हा जुळवावी लागते, मग घाट चढलेला असो वा फक्त सकाळची दुपार झालेली असो.