मुलांची न्याहारी



व्याख्यानमालेत न्याहारीसारखा विषय घेतला म्हणून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. साहित्य आणि तत्त्वज्ञान यांच्या पंगतीला पोह्यांची बशी कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या अमरावती-अकोल्याकडे उन्हाळा लागला की शाळा सकाळच्या होतात. रात्री आठला जेवलेले मूल सातला वर्गात बसते आणि अकराच्या सुमारास घरी परतते. मधले पंधरा तास त्याने कशावर काढले? पुष्कळ घरी उत्तर एकच : अर्धा कप चहा आणि चार बिस्किटे. शासनाने १९९५ साली सुरू झालेल्या योजनेतून शाळेत आहार दिला खरा, पण ते जेवण आहे, न्याहारी नव्हे.

कुपोषण म्हटले की आपले बोट लगेच मेळघाटाकडे जाते. तिथला प्रश्न गंभीर आहेच. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शंभरात सुमारे एकोणसत्तर मुले रक्तक्षयी आढळली. एवढी मुले काही एकट्या डोंगरात राहत नाहीत. त्यांतली कित्येक आपल्याच आळीतली, पोटभर जेवणारी आहेत. पोट भरणे आणि अंग भरणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

सुजाण आया म्हणतील, आम्ही रोज पालटून देतो : सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी शेवया, गुरुवारी पाव. पालट दिसतो, पण जरा उकलून पाहा. पोह्यात तांदूळ, उपम्यात गहू, शेवयांत पुन्हा गहू आणि पावात तोच गहू मैदा होऊन आलेला! नावे चार, धान्ये दोन, आणि डाळ एकातही नाही. खरा पालट नावात नसतो. धान्य बदलले का, डाळ कुठे आहे आणि जोडीला आंबट किंवा हिरवे काय आहे, हे तीन प्रश्न विचारावेत.

डाळीचा एवढा आग्रह का? सर्व प्रथिने सारखी नसतात. ज्वारी-गव्हाच्या प्रथिनांत लायसीन नावाचा एक आवश्यक घटक कमी पडतो. तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जे उणे असते ते धान्य पुरवते. म्हणून तीन-चार भाग धान्य आणि एक भाग डाळ एकत्र शिजली की दोघांचीही किंमत वाढते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने आणि १५ मिलिग्रॅम लोह लागते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले. तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर, कोरड्या मुगात सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. चहाबिस्किटांशी तुलना करण्याचीही गरज नाही.

आपल्या आज्यांना हे शास्त्र उपजतच ठाऊक होते, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. वऱ्हाडच्या शेतात ज्वारीच्या जोडीला तुरीच्या ओळी असत, म्हणून ताटातही भाकरीशेजारी वरण किंवा चून आले, इतके ते साधे आहे. पुढे कपाशी वाढली, सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली आणि मुलांच्या बशीतूनही गेली. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा आपल्याला ज्वारीची आठवण झाली!

आता करायचे काय, ते सांगतो. आपली उकडपेंडीच घ्या. दोन वाट्या पिठात अर्धी कणीक, अर्धे ज्वारीचे पीठ घ्यावे आणि त्यात अर्धी वाटी बेसन मिसळावे. तेलात मोहरी, जिरे, कांदा, मिरची परतून हळद घालावी आणि पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावे. घाई केली की ते कच्चे राहते व मूल पुन्हा तोंड लावत नाही. मग मीठ घातलेले पातळ ताक थोडे थोडे शिंपडीत हलवावे आणि झाकण ठेवून वाफ आणावी. वरून कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू शोभेचे नव्हे. धान्य-डाळीतील लोह शरीरात सहज शिरत नाही, त्याला आंबटातले क जीवनसत्त्व वाट करून देते.

फुणके हा दुसरा उत्तम पदार्थ. तुरीची डाळ रात्री भिजवावी, सकाळी जाडसर वाटून तीत कांदा, जिरे, चिरलेली मेथी घालावी आणि मुटके वळून चाळणीवर वीस मिनिटे वाफवावे. कढीबरोबर मुले आवडीने खातात. मात्र हे डाळीचेच काम आहे, म्हणून सोबत ज्वारीची चतकोर भाकरी हवी. उरलेले फुणके दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकता येतात.

उन्हाळ्यात रात्री भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या शिजवून ताक-जिऱ्याबरोबर द्याव्या आणि शेजारी मोड आलेल्या मुगाची उसळ ठेवावी. भिजवल्याने व मोड आणल्याने लोह अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात. पावसाळ्यात मिश्र पिठाचे थालीपीठ, त्यावर जवसाची चटणी. थंडीत तर तुरीचे सोले आयतेच येतात. पोहे मी हद्दपार करीत नाही. त्यांत मूठभर मोडाची मटकी व शेंगदाणे पडू द्या, म्हणजे झाले.

सकाळी वेळ कुठे असतो, हा आक्षेप खरा आहे. पण डाळ भिजवणे, पीठ भाजून डब्यात भरणे ही कामे रात्रीची आहेत आणि ती पुरुषांनाही येतात.

राहता राहिला चहा. त्यातील टॅनिन अन्नातले लोह बांधून ठेवते, म्हणून न्याहारीबरोबर मुलांना तो नकोच. मोठ्यांनीही तासभर थांबावे, कारण समोर कप दिसला की मूल मागणारच. आमच्या घरी हा नियम लागू झाला तेव्हा पहिले आठ दिवस सर्वांत जास्त कुरकूर मीच केली.