तळ्यावरील हिरवी साय व तींतील वायुपुटिका

उन्हाळ्यांत वारा पडला कीं पुष्कळ तळ्यांवर हिरवट साय धरते. शेतकरी बंधु तिला साधें शेवाळ समजतात. वस्तुतः ती बहुधा नीलहरित सूक्ष्मजंतूंची दाटी असते, व तिला तरंगत ठेवणारी वस्तु मोठी नवलाची आहे.

ह्या जंतूंच्या पेशींत टोंकांस निमुळत्या, नळीसारख्या असंख्य वायुपुटिका असतात. त्यांची भिंत केवळ प्रथिनाची असून तिची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पांच लक्षाव्या भागाइतकी असते. तींतून वायु मोकळेपणीं आंतबाहेर जातो. पाणी मात्र शिरत नाहीं. दाब वाढला कीं पुटिका चपटी होते, ती पुन्हां फुगत नाहीं.

म्हणून ह्या पुटिका काढण्याची रीत लोण्यासारखी, परंतु घुसळण वर्ज्य. प्रयोगशाळेंत वाढविलेले जंतु पात्रांत स्थिर ठेवून तरंगता थर राखतात व खालचें पाणी सोडून देतात. नंतर साखरेच्या तीव्र द्रावणानें पेशी फोडतात. अतिखाऱ्या पाण्यांत राहणाऱ्या हॅलोबॅक्टीरियमचें काम याहून सोपें; तें पाणी गोडें केलें कीं त्याच्या पेशी आपोआप फुटतात. मग मिश्रण यंत्रांत हलकेंच फिरविलें असतां गाळ तळीं बसतो व पुटिकांचा दुधासारखा थर वर येतो. घाईनें वेग वाढविल्यास दाबानें सारे श्रम वायां जातात.

इतका खटाटोप कशासाठीं? ह्या पुटिका सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी परतवतात, हें मिखाईल शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं उंदरांवर दाखविलें. अधिक दाबाची लहर सोडून त्या मोडतां येतात. मोडण्यापूर्वींचें व नंतरचें चित्र ताडलें म्हणजे त्या नेमक्या कोठें होत्या तें कळतें.

शेतकऱ्यास मात्र ह्याच पुटिका महागांत पडतात. त्यांच्यामुळें जंतु वर येतात, वारा त्यांना एका कांठाशीं लोटतो, आणि जनावरें तेथेंच तोंड लावतात. ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवरावर अशा सायीनें गुरें मेल्याचें जॉर्ज फ्रान्सिस यांनीं १८७८ सालीं लिहिलें. मोरचूद टाकून साय मारली तर पेशींतील विष पाण्यांत उतरतें. उकळूनही तें जात नाहीं. अशा कांठापासून गुरें दूर ठेवणें बरें.

पारख सोपी आहे. १८९५ सालीं जर्मनींत क्लेबान यांनीं केली तशी: जाड बाटली अशा पाण्यानें कांठोकांठ भरावी, घट्ट बूच बसवावें, बाटली गोणपाटांत गुंडाळून बुचावर हातोडा मारावा. पुटिका असल्यास त्या मोडून साय तळीं बसूं लागते. साय विषारी आहे कीं नाहीं, हें मात्र ह्या पारखीनें कळत नाहीं.