पडद्यावरच्या एका पिस्तुलामागची पाच पिस्तुले

मे 2019 च्या अखेरीस वसईत अतिरेक्याच्या वेशातला एक माणूस सिगारेट घ्यायला रस्त्यावर उतरला. एका सुरक्षारक्षकाने त्याला पाहिले, पोलिसांना कळवले आणि पालघर पोलिसांची धावपळ उडाली. सीसीटीव्हीच्या आधारे शोध घेतल्यावर उलगडा झाला, की जवळच एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते आणि हा त्यातला किरकोळ भूमिका करणारा कलाकार होता. त्याला आणि त्याच्या साथीदाराला पोलिसांनी ताब्यात घेतले. हृतिक रोशन आणि टायगर श्रॉफ यांचा तो हेरपट त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला ‘वॉर’ या नावाने लागला.

कॅमेऱ्यासमोर जे सामान बेमालूम वठते, तेच रस्त्यावर आले की जीवघेणे ठरू शकते. हे सामान नेमके कसे असते, कोणते कधी वापरतात आणि त्यात धोका कुठे दडलेला असतो, हे आपल्या उज्जैनकरांनी समजून घ्यायला हवे. मध्य प्रदेशाचे चित्रपट पर्यटन धोरण 2020 मध्ये आले. ‘ओएमजी 2’चे चित्रीकरण 2021 मध्ये इथेच, रामघाटावर आणि महाकाल परिसरात झाले. त्या चित्रपटात बंदुकांचे काम नव्हते. पण उद्या एखादा हेरपट इथे आला, तर?

समजा, त्यात पाठलागाचा प्रसंग आहे. नायक रामघाटाच्या पायऱ्या चढतो, पटनी बाजाराच्या गर्दीत घुसतो आणि छत्री चौकात, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरासमोर, गोळी झाडतो. पडद्यावर हा तीन मिनिटांचा प्रसंग आणि नायकाच्या हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पिस्तूल. प्रत्यक्षात त्याच्या हातात वेगवेगळ्या चार-पाच वस्तू येऊन गेलेल्या असतात.

घाटावर धावताना हातात रबराचे पिस्तूल असते. खऱ्या पिस्तुलाचा साचा काढून त्यात रबर ओततात, आत कधी तार किंवा सळई घालतात आणि वरून काळा-करडा रंग देतात. ओल्या पायरीवर पाय घसरला, मारामारीत ते कुणाच्या कपाळावर आदळले, तरी फार इजा होत नाही. दोष एकच, ते हलके असते. एके-47 चार किलोच्या आसपास भरते आणि ते वजन खांद्यात, मनगटात, चालण्यात दिसते. रबराची रायफल घेऊन पळणारा नट ती पंख्यासारखी हलवायला लागला की जाणकाराला लगेच खटकते. चांगला फाइट मास्टर म्हणूनच नटाला आधी जड नक्कल हातात देऊन तालीम करवतो आणि मगच रबराची देतो.

नायक बाजारात एका दुकानाच्या आडोशाला थांबतो. कॅमेरा जवळ येतो. तो मॅगझीन काढतो, पाहतो, पुन्हा खटकन बसवतो. इथे रबर चालत नाही. इथे धातूची न झाडणारी नक्कल लागते, जिचा वरचा भाग मागे सरकतो, घोडा पडतो, मॅगझीन निघते, पण गोळी काही सुटत नाही. गॅसवर चालणारी खेळण्यातली पिस्तुलेही याच कामाला येतात, कारण चाप ओढला की त्यांचा वरचा भाग खऱ्यासारखा मागेपुढे होतो.

काडतुसे जवळून दाखवायची असतील, तर डमी काडतुसे घेतात. त्यांना वर गोळी असते, पण आत दारू नसते आणि बुडाची टोपी निकामी केलेली असते. काही डमींच्या कडेला भोक पाडलेले असते, काहींच्या आत छर्रा टाकलेला असतो. काडतूस कानाशी हलवले आणि छर्रा वाजला, म्हणजे आत दारू नाही. प्रत्येक डमी अशी एकेक करून वाजवून पाहायची असते. कंटाळवाणे काम आहे आणि ते केलेच पाहिजे. का, ते पुढे येईलच.

छत्री चौकात गोळी झाडताना ब्लँक काडतूस येते आणि आपल्याला थोडे थांबावे लागते.

खडकीच्या किंवा जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराला काडतूस म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसला की पेटणारी टोपी, मध्ये दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. ब्लँकमध्ये ही गोळीच नसते. पुंगळीचे तोंड चुण्या घालून मिटवलेले असते, अगदी मोदकाच्या कळ्या वर जुळवाव्यात तसे. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, चुण्या उघडतात आणि गरम वायू, ज्वाळा, न जळलेल्या दारूचे कण नळीतून बाहेर पडतात. आवाज खरा, धूर खरा, गोळी नाही.

यात एक तांत्रिक अडचण आहे. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळी पुढे जाते, त्या धक्क्याने वरचा भाग मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि नवे काडतूस आत चढते. ब्लँकमध्ये गोळी नसल्यामुळे तेवढा दाबच तयार होत नाही. त्यासाठी ब्लँकच्या पिस्तुलाची नळी आतून बऱ्याच अंशी बंद ठेवलेली असते. वायू कोंडतो, दाब वाढतो आणि पिस्तूल खऱ्यासारखे चालते. रिव्हॉल्वरला ही गरज नाही, कारण त्याचे चक्र बोटाच्या जोरावर फिरते. जुन्या हिंदी चित्रपटांत रिव्हॉल्वर इतके का दिसते, याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

‘गोळी नाही, मग काय होणार?’ या समजुतीने माणसे मेली आहेत. 12 ऑक्टोबर 1984 ला अमेरिकेत ‘कव्हर अप’ या हेरगिरीच्याच मालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्सम या 26 वर्षांच्या नटाने ब्लँक भरलेले रिव्हॉल्वर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावले आणि चाप ओढला. वायूच्या नुसत्या धक्क्याने कवटीचे हाड तुटून मेंदूत घुसले. सहा दिवसांनी तो गेला. नळीला टेकलेल्या वस्तूवर ब्लँक गोळीसारखाच आघात करते. म्हणून कॅमेऱ्यात नटाने समोरच्यावर नेम धरलेला दिसला, तरी प्रत्यक्षात नळी त्याच्यापासून थोडी बाजूला वळवलेली असते. भिंगाच्या कोनामुळे ते आपल्याला कळत नाही.

दुसरी घटना 31 मार्च 1993 ची. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली ‘द क्रो’ या चित्रपटाचे चित्रीकरण करत होता. जवळून दाखवण्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी तयार केल्या होत्या, पण टोपी जिवंत राहिली होती. त्या टोपीच्या जोराने एक गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली. कुणी नळीत डोकावले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरले गेले. डमीने गोळी पुरवली, ब्लँकने दारू पुरवली आणि दोन निरुपद्रवी वस्तूंचे मिळून एक खरे काडतूस झाले. डमी वाजवून पाहायची आणि प्रत्येक वेळी नळीतून आरपार बघायचे, ते यासाठी. 21 ऑक्टोबर 2021 ला ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर तर जिवंत काडतूसच रिव्हॉल्वरमध्ये गेले आणि छायाचित्रण दिग्दर्शक हॅलिना हचिन्स मरण पावल्या. शस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीला 2024 मध्ये 18 महिन्यांची कैद झाली.

या तिन्ही घटनांतून निघणारे नियम साधे आहेत. सेटवर शस्त्रांचा एकच जबाबदार माणूस असावा. दृश्यापूर्वी त्याने शस्त्र उघडून दिग्दर्शकाला आणि नटाला दाखवावे, शेजारी उभ्या असलेल्यांनाही दाखवावे. आत काय आहे ते मोठ्याने सांगावे. ‘कट’ म्हटल्याबरोबर ते परत घ्यावे. जिवंत काडतूस सेटच्या आसपासही नसावे. माझ्या मते यातल्या एकाही नियमाला घाईचा अपवाद असू नये आणि चित्रीकरणात घाई तर रोजचीच असते.

आता चौकातल्या त्या गोळीच्या ज्वाळेविषयी. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चौकटीला शटर साधारण एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडे असते आणि तेवढाच वेळ बंद. नळीतली ज्वाळा अवघी काही सहस्रांश सेकंद टिकते. शटर बंद असताना ती भडकली, तर चित्रात काहीच येत नाही. काही डिजिटल कॅमेऱ्यांत चित्राच्या अर्ध्याच भागात उजेड येतो. म्हणजे खरी ब्लँक वापरूनही ज्वाळा पुष्कळदा नंतर संगणकावर घालावीच लागते. मग प्रश्न उरतो, ब्लँक मुळातच का फोडायची? ‘रस्ट’नंतर हॉलीवूड अभिनेता ड्वेन जॉन्सनच्या निर्मितीसंस्थेने आपल्या चित्रपटांत फक्त रबराच्या बंदुका वापरण्याचे जाहीर केले. ब्लँकच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. दणका बसला की नटाचे डोळे मिटतात, खांदा मागे जातो. रबराचे पिस्तूल धरून हे करायला अभिनय यावा लागतो. तो नटाने शिकावा, जिवाचा धोका कशाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजही बहुतेक वेळा नंतरच चढवतात. हेरपटातला सायलेन्सर हे त्याचे ठळक उदाहरण. पडद्यावर ‘फुस्’ झाले की शेजारच्या खोलीतल्याला पत्ता लागत नाही. वास्तवात पिस्तुलाचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि सायलेन्सर त्यातले साधारण 20 ते 35 कमी करतो. उरतो तो कान दुखवणाराच. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर हवेतला तिचा कडाका वेगळा. रिव्हॉल्वरला सायलेन्सर लावलेला दाखवतात, तो तर बहुतेक वेळा निव्वळ देखावा. चक्र आणि नळी यांच्यात फट असते, तिथून आवाज निसटतोच.

हेरपटाचे सर्वांत गाजलेले पिस्तूलही वाटते ते नव्हेच. जेम्स बाँडचे म्हणून वॉल्थर पीपीके जगाला माहीत झाले. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाच्या जाहिरातीसाठी बाँड साकारणाऱ्या शॉन कॉनरीची छायाचित्रे काढायची होती, तेव्हा पीपीके आणायचेच राहिले. छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांच्याकडे वॉल्थरचेच हवेचे, छर्रे मारायचे लांब नळीचे पिस्तूल होते. तेच कॉनरीच्या हातात दिले. ते छायाचित्र पोस्टरांवर जगभर गेले. 2010 मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात या छर्ऱ्याच्या पिस्तुलाला 2 लाख 77 हजार 250 पौंड मिळाले.

आपल्याकडे कायद्याची बाजू वेगळी आहे. शस्त्र कायदा 1959 चा. हेरपटात सर्रास दिसणारे 9 मिमीचे पिस्तूल सर्वसाधारण नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. 0.177 इंचापर्यंत नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. नकली बंदुकीचाही कायद्यात उल्लेख आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. अटक टाळण्यासाठी बंदुकीसारखी दिसणारी वस्तू वापरली, तर कलम 28 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग ती वस्तू झाडता येवो वा न येवो. बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानी भागांत गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या सतत येतात. अशा मुलखात अंधारात दिसलेले पिस्तूल खोटे असेल, असे पोलिसाने धरून चालावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

खरी शस्त्रे जवळून पाहण्याची उत्सुकता असेल, तर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात संग्रहालय आहे. तिथे भेट देता येते का, ते आधी विचारून घ्या.

फ्रीगंजात, घाटावर मोबाइलवर लघुपट आणि रील करणाऱ्या मुलामुलींना शेवटी एवढेच सांगायचे आहे. चित्रीकरणाआधी जवळच्या ठाण्यात लेखी कळवा. नकली पिस्तूल पिशवीत घालून न्या आणि दृश्य संपताच पिशवीत टाका. पात्राच्या वेशात चहाच्या टपरीवर जाऊ नका. ज्वाळा आणि आवाज संगणकावर घाला, ते आता घरबसल्या होते. आणि काकांची परवान्याची बंदूक, ती रिकामी आहे असे त्यांनी शपथेवर सांगितले तरी, कपाटातून बाहेर काढू नका.