गिर्यारोहण आणि कौटुंबिक छळातून मुक्ती

गिर्यारोहणामुळे छळ सोसलेल्या स्त्रीला बळ लाभते, हे विधान आज वारंवार केले जाते. ते असत्य नव्हे. तथापि हे बळ कोणत्या स्वरूपाचे असते आणि कोणत्या टप्प्यावर उपयोगी पडते, याची फोड क्वचितच केली जाते. या दृष्टीने नेपाळच्या ल्हाक्पा शेर्पा यांचा जीवनक्रम अभ्यसनीय आहे.

मकालू पर्वताच्या परिसरातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही; तरुणपणी त्यांनी गिर्यारोहण मोहिमांची ओझी वाहिली. १९९३ साली पासांग ल्हामू शेर्पा यांनी नेपाळी स्त्रियांत प्रथम एव्हरेस्टचे शिखर गाठले, परंतु उतरताना त्यांचा अंत झाला. २००० साली ल्हाक्पा शेर्पा या ते शिखर गाठून सुखरूप परतणाऱ्या पहिल्या नेपाळी स्त्री ठरल्या. २००६ पर्यंत त्यांनी ते सहा वेळा सर केले. दरम्यान अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका गिर्यारोहकाशी विवाह होऊन त्या कनेक्टिकट राज्यात राहू लागल्या होत्या. पतीकडून होणारा छळ याच काळातील होय. २००४ च्या मोहिमेत तर त्यांना एव्हरेस्टवरच मारहाण झाली.

म्हणजे विक्रम आणि छळ हे दोन्ही एकाच काळी चालू होते. हा वरवर दिसणारा विरोध मानसशास्त्राच्या आधारे उलगडतो. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास मुख्यतः प्रत्यक्ष यशाच्या अनुभवातून दृढ होतो. पण तो बहुधा त्या-त्या कार्यक्षेत्रापुरता मर्यादित असतो. बर्फाच्या कड्यावरील निर्धार घराच्या उंबरठ्याच्या आत आपोआप उतरत नाही. शिवाय इव्हान स्टार्क यांनी २००७ साली दाखवून दिल्याप्रमाणे, कौटुंबिक छळ हा केवळ मारहाणीचा प्रश्न नसून स्त्रीचे स्वातंत्र्य क्रमाक्रमाने हिरावून घेण्याचा प्रकार आहे. परका देश, अक्षरओळखीचा अभाव आणि लहान मुले यांनी निर्माण केलेली कोंडी केवळ शारीरिक सामर्थ्याने फुटत नाही.

ती फुटली ती अन्य साधनांनी. २०१२ साली रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यानंतर एका समाजसेविकेच्या साहाय्याने त्या दोन मुलींसह आधारगृहात गेल्या. २०१५ साली घटस्फोट होऊन मुलींचा ताबा त्यांच्याकडे आला. घरांची साफसफाई आणि भांडी धुणे या कामांवर त्यांनी संसार चालविला. यानंतरच, म्हणजे २०१६ साली, दहा वर्षांच्या खंडानंतर त्या पुन्हा एव्हरेस्टवर चढल्या. २०२२ साली त्यांनी ते शिखर दहाव्यांदा गाठले. २०२३ साली के-टू सर केले.

मग पर्वताने काय दिले? सुटका नव्हे, तर सुटकेनंतरचे पुनर्वसन. विवाहापूर्वी स्वकष्टाने मिळविलेली ओळख त्यांना तेथे परत लाभली आणि भोगलेले उघडपणे सांगण्याचे धैर्य आले. २०२३ साली प्रथम दाखविण्यात आलेल्या ‘माउंटन क्वीन’ या अनुबोधपटात त्या व त्यांच्या मुली स्वमुखाने बोलतात.

एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरे. परंतु त्यातून एक इशारा अवश्य मिळतो. आधारगृह, न्यायालय आणि स्वतःची मिळकत यांची जागा शिखर घेऊ शकत नाही. ‘इतके धैर्य असूनही ती घर सोडून का गेली नाही?’ असे विचारणारा समाज धैर्याची चौकशी करतो. वस्तुतः चौकशी व्हावयास हवी ती बाहेर पडण्याच्या वाटांची.